पनवेल-३

महाप्याला, काचेच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर
त्यांनी विचारलं, प्रबंध कशावर?
म्हटलं, पनवेल-तीन.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
एकजण म्हणाला, विमानतळाचं टर्मिनल का?
नाही सर, भात आहे. खारट जमिनीत तगणारं.
त्याने वहीत काहीतरी खोडलं.

काम सोपं आहे म्हणाले.
भंडारा, गोंदिया, बालाघाटची शेतं पडद्यावर येतात,
तिरके बहुकोन, कुणाचा बांध कुणात घुसलेला.
कुणी नांगरलं, कुणी धसकटं जाळली,
उपग्रहाला दिसतं.
मातीत कार्बन किती मुरला तेवढा मांडायचा.
विकायचं आम्ही बघतो.
मी विचारलं, नमुना काढायला कधी जायचं?
वर्षातून एकदा,
बजेट असेल तर.

आम्ही बेचाळीस जण होतो बॅचला.
अकरा अजून अभ्यासिकेत बसतात,
कृषी अधिकारी व्हायचं म्हणून
घटनादुरुस्त्या पाठ करत.
मंगेश खोत बँकेत लागला. पीककर्ज नाही, क्रेडिट कार्डं.
इरफान दळवी खारघरच्या गच्चीवर
पाइपातल्या पाण्यात लेट्युस वाढवतो;
फोन केला की म्हणतो,
चार वर्षं मृदाशास्त्र घोकलं, गिऱ्हाईक म्हणतं माती नको.
सुमेधा शिर्के पहाटे तीनला तुर्भ्याच्या बाजारात असते,
भेंडीवर औषधाचा अंश शोधायला.
व्यापारी मॅडम मॅडम करत वरचं कॅरेट पुढे सरकवतात.
ती तळातलं काढायला लावते.
पगार तिचाच सगळ्यात कमी.

चाचणी म्हणून मला एक तुकडा दिला, सीमा आखून दाखवा.
आखली.
मग कुणी बघत नाही असं वाटून
माउसचं चाक फिरवत घरी आले:
पूर्व विदर्भ, घाट, खाडी, घणसोली, महापे,
हीच इमारत, हीच पार्किंगची फरशी.
प्रणालीने राखाडी रंग भरला.
बिगरशेती. शून्य.
आमचं खाचर इथेच होतं की रस्त्यापलीकडे
ते आता फक्त बाबांनाच सांगता येईल,
आणि तेही दोन वेळा दोन ठिकाणी सांगतात.
"प्रत्यक्ष शेताचा अनुभव आहे का, मिस मढवी?"
मी म्हटलं, थोडा.

संध्याकाळी उतरून धारण तलावावर गेले.
बाबा तिथे झडपेवर आहेत, ठेक्यावर, नऊ वर्षं.
भरती आली की दार लावायचं,
ओहोटीला शहराचं पाणी सोडायचं.
आजोबा हेच करायचे, बांधाच्या उघाडीवर,
फक्त आत तेव्हा भात होतं.
ऑफिसातून भरतीचं वेळापत्रक येतं मोबाईलवर.
बाबा ते बघत नाहीत. आज अष्टमी, भांग हाय, म्हणतात,
नि चहा प्यायला जातात.

किती देतान?
आकडा सांगितला.
ते काही बोलले नाहीत, बूट काढून चिखल झटकला.
मग कठड्याखाली बोट दाखवलं:
दगडांच्या फटीत चार-पाच हिरवे ठोंब,
गुडघाभर.
भात हाय क नाय तो?

फाइल पिशवीत घालून खाली वाकले.
भाताच्या पानाच्या काखेत इवलीशी जीभ असते,
पारदर्शक, नखाएवढी. तीच खूण.
एक पान वाकवलं. दुसरं.
जीभ नव्हती.
पाखड आहे, बाबा. तण.

ते जरा हिरमुसले. मग म्हणाले,
तरी खाऱ्या पान्यान उभा हाय ना,
ऱ्हावदे.

सोमवारपर्यंत कळवायचं होतं.
झडपेच्या कठड्यावर बसून मी लिहायला घेतलं:
नमुने वर्षातून दोनदा, खरिपाआधी आणि कापणीनंतर,
स्वतः जाऊन काढीन.
गाडीभाडं तुमचं.
गिरमिट मी माझं आणीन.